अभिजातपण आणि प्रॉम्प्टरची वही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून 'अभिजात' हा शब्द आपल्याकडच्या सभासमारंभांत वारंवार कानी पडतो. आपल्या रविवार पुरवणीतील एका लेखातही तो आला होता, आणि खरे अभिजात साहित्य कोणाच्याही आधारावाचून, केवळ स्वतःच्या गुणांवर काळाला पुरून उरते, याचा दाखला म्हणून तेथे प्राचीन ग्रीक शोकांतिकेचे नाव घेतले होते. लेखामागची कळकळ मला मान्य आहे. दाखला मात्र मान्य नाही, कारण ग्रीक शोकांतिकेचा इतिहास नेमके याच्या उलट सांगतो. मी बडोद्यात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि ही नाटके भाषांतरांतून जमेल तशी पुनःपुन्हा वाचली. त्या वाचनातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते, कारण त्याचा संबंध थेट आपल्या गावातल्या मराठी रंगभूमीशी येऊन पोहोचतो.

पहिली गोष्ट अशी की ही नाटके लिहिली गेली तेव्हा ती टिकावीत असा कोणाचाही हेतू नव्हता. अथेन्स नगरीत दर वसंत ऋतूत डायोनायसस देवाचा उत्सव भरे. त्यात तीन कवींना स्पर्धेत उतरण्याची परवानगी मिळे, प्रत्येक जण तीन शोकांतिका आणि त्यांच्या जोडीला एक हलकेफुलके नाटक सादर करी, वृंदाच्या, म्हणजे नाटकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाच्या, तालमीचा आणि पोशाखांचा खर्च एखाद्या धनिक नागरिकावर सोपवलेला असे आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले पंच निकाल देत. बहुतेक नाटकांचा अथेन्समधला प्रयोग एवढा एकच. पुढच्या वर्षी नवी नाटके, नवे पंच. या पंचांचे निकाल आज वाचले तर आश्चर्य वाटते. युरिपिडीसची 'मीडिया' इ.स.पू. ४३१ मध्ये स्पर्धेत उतरली आणि तीन कवींत त्याचा क्रमांक तिसरा, म्हणजे शेवटचा लागला. युरिपिडीसने नव्वदच्या आसपास नाटके लिहिली, पण हयातीत त्याला पहिला मान फक्त चार वेळा मिळाला. सोफोक्लीसच्या ज्या 'राजा ईडिपस'ला आज जगभरच्या अभ्यासक्रमांत पहिले स्थान आहे, त्या नाटकाच्या वर्षी सोफोक्लीस दुसरा आला आणि या दोघांच्या आधीचा शोकांतिकाकार ईस्किलस याचा भाचा फिलोक्लीस पहिला, असे प्राचीन टीकाकारांनी नोंदवून ठेवले आहे. त्या फिलोक्लीसचे एकही नाटक आज उरलेले नाही. तेव्हा गुण आपोआप ओळखले जातात असे म्हणायचे, तर ते ज्यांच्यासमोर घडले त्यांना ते ओळखता आले नाहीत, हेही मान्य करावे लागेल.

मग फरक कोठे पडला? माझ्या समजुतीप्रमाणे तो पडला पुनःप्रयोगात. ईस्किलस इ.स.पू. ४५६ मध्ये वारला, आणि त्याची नाटके पुन्हा बसवू इच्छिणाऱ्याला नगरीने वृंद द्यावा असा ठराव अथेन्सच्या लोकांनी केल्याची नोंद त्याच्या प्राचीन चरित्रात आहे. एका मृत कवीला असा मान देणे ही नवी गोष्ट होती. इ.स.पू. ४०५ मध्ये, सोफोक्लीस आणि युरिपिडीस हे दोघेही नुकतेच गेलेले असताना, ॲरिस्टोफेनीसने 'बेडूक' नावाचे प्रहसन रंगभूमीवर आणले. नगरीत चांगला कवी उरला नाही म्हणून स्वतः नाट्यदेव डायोनायसस पाताळात उतरतो, तेथे ईस्किलस आणि युरिपिडीस यांच्यात वाद जुंपतो, दोघांच्या ओळी तराजूत घालून तोलल्या जातात, आणि आणायला गेलेला असतो युरिपिडीसला, तर परत घेऊन येतो ईस्किलसला. त्या वादात ईस्किलस म्हणतो की माझे काव्य माझ्याबरोबर मेलेले नाही. हे वाक्य हशा पिकवण्यासाठी लिहिलेले असेल. पण तीन कवी एका पंक्तीत बसले, ते प्रथम या प्रहसनाच्या पाताळात. पुढे इ.स.पू. ३८६ मध्ये उत्सवात एक 'जुने नाटक' स्पर्धेबाहेर सादर झाले, आणि अथेन्सच्या शिलालेखात त्याची रीतसर नोंद झाली. पुढे असे जुने नाटक उत्सवाचा नेहमीचा भाग झाले, आणि ते बसवणाऱ्या नटाचे नाव कवीच्या नावाबरोबर दगडावर कोरले जाऊ लागले.

येथे नटांचा प्रश्न येतो, आणि तो मला फार जवळचा आहे. माझे वडील दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवाच्या नाटकांत बावीस वर्षे प्रॉम्प्टर होते. त्यांची वही अजून माझ्या कपाटात आहे: जाड पुठ्ठ्याची, लांबट, दुकानातल्या खतावणीसारखी. संवाद निळ्या शाईत, गाळलेल्या ओळींवर तांबडी रेघ, आणि नटाने पदरची घातलेली वाक्ये समासात जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेली. एखाद्या वाक्याला टाळी पडली की वडील ते समासात टिपून ठेवीत. पुढच्या वर्षी नटांसाठी नव्या नकला उतरवल्या जात, तेव्हा समासातले वाक्य सरळ संवादात जाऊन बसे. आणि चार-पाच वर्षांत लेखकाचे कोणते आणि नटाचे कोणते हे खुद्द वडिलांनाही वही उघडल्याशिवाय सांगता येत नसे. अथेन्समध्ये हुबेहूब हेच झाले. फिरते नट गावोगाव जुनी नाटके करू लागले, स्वतःची भूमिका फुलवू लागले, शेवट बदलू लागले. ईस्किलसच्या 'थीब्जवर सात'चा आज छापला जाणारा शेवट, निदान त्याचा काही भाग, सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'ची लोकप्रियता पाहून मागाहून जोडलेला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात.

यावर अथेन्सने जो उपाय केला तो शाळेत शिकवताना मी मुलांना आवर्जून सांगत असे. इ.स.पू. ३३० च्या सुमारास नगरीचा कारभार लायकर्गस नावाच्या मुत्सद्द्याकडे होता. त्याने ईस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांचे ब्राँझचे पुतळे उभारण्याचा कायदा केला. तिघांच्या नाटकांच्या प्रती उतरवून त्या सरकारी दप्तरात ठेवायच्या, नगरीच्या चिटणिसाने त्या नटांना वाचून दाखवायच्या, आणि प्रतीबाहेरचे बोलण्यास नटांना मनाई, असे त्या कायद्यात होते. पुतळ्यांपेक्षा मला त्या चिटणिसाचे महत्त्व अधिक वाटते. तालमीत बसून मूळ प्रत वाचून दाखवणारा सरकारी कारकून ज्या नगरीने नेमला, तिला आपल्याकडे काय आहे आणि ते कसे निसटते आहे याची नीट जाणीव होती. आणि हा कायदा झाला तेव्हा अथेन्सचे राजकीय वैभव संपलेले होते, इ.स.पू. ३३८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने तिचा पराभव केला होता. गेलेल्या वैभवातले हातात काय राहिले, तर ही नाटके, अशी ती भावना असावी.

त्या सरकारी प्रतींचे पुढे काय झाले याची हकीकत गेलन या वैद्याने सांगितली आहे. इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठी त्या प्रती नकलून घेण्याकरता मागवल्या आणि अनामत म्हणून पंधरा टॅलेंट (टॅलेंट हे ग्रीकांचे एक वजन) चांदी ठेवली. मग सुंदर नकला करवून त्याच अथेन्सला पाठवल्या, मूळ प्रती स्वतःकडे ठेवल्या आणि अनामत बुडू दिली. बडोद्याच्या वाचकाला यात एक ओळखीचा सूर ऐकू येईल, कारण ग्रंथसंग्रहासाठी हात सैल सोडणारा राजा आपण सयाजीराव महाराजांच्या रूपाने पाहिला आहे; फरक इतकाच की महाराजांनी जमवलेले पुस्तक सामान्य प्रजेच्या हाती जावे म्हणून गावोगाव वाचनालये काढली.

अलेक्झांड्रियात या नाटकांचे पाठ तपासले गेले, त्यांवर टिपा झाल्या. पण त्यानंतर ती रंगभूमीवरून हळूहळू शाळेत गेली, आणि शाळेला सगळे शिकवता येत नाही. सोफोक्लीसने एकशेवीसहून अधिक नाटके लिहिली होती, त्यांतली सात पूर्ण उरली. ईस्किलसचीही सातच, आणि त्यांतही 'बंदिस्त प्रोमीथियस' त्याचे आहे की नाही याबद्दल मतभेद आहेत. बायझँटाईन काळापर्यंत शाळांत प्रत्येक कवीची तीन-तीन नाटकेच मुख्यतः शिकवली जात. मास्तराने जे लावले त्याच्या नकला झाल्या आणि जे लावले नाही ते वाळवीच्या स्वाधीन झाले, असे थोडक्यात म्हणता येईल.

युरिपिडीसच्या बाबतीत मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. त्याची शाळेसाठी निवडलेली नाटके दहा. परंतु त्यांखेरीज आणखी नऊ नाटके आपल्यापर्यंत आली आहेत, आणि त्यांची नावे ग्रीक वर्णमालेतल्या ओळीने येणाऱ्या काही मोजक्या अक्षरांनीच सुरू होतात: 'हेलन', 'इलेक्ट्रा', 'आयॉन', दोन 'इफिजनिया', 'सायक्लॉप्स' आणि अशी इतर. अक्षरानुक्रमे लावलेल्या संपूर्ण संग्रहातला एखादा तुकडा कोठेतरी शिल्लक राहिला आणि बाकीचा गेला, हेच याचे स्पष्टीकरण. कोणा टीकाकाराने ही नऊ निवडली नव्हती, कोणा मास्तराने लावली नव्हती. ती कपाटाच्या ज्या कप्प्यात होती तो कप्पा वाचला. या नऊंपैकी काही आज जगभर आवडीने खेळली जातात. शेजारच्या कप्प्यात काय होते, हे कोणीच सांगू शकत नाही.

आणखी एक उदाहरण देतो. ईस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीतले मधले नाटक आज ज्या एकाच जुन्या हस्तलिखितावर अवलंबून आहे, ते दहाव्या शतकातले हस्तलिखित पंधराव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपलहून इटलीत आले आणि फ्लॉरेन्समध्ये जपले गेले. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले. त्याआधी तीसएक वर्षे ते तेथून निघाले होते. त्या हस्तलिखितात या नाटकाचा आरंभच नाही, पाने गेली आहेत. तरीही छापील आवृत्त्यांत सुरुवातीच्या काही ओळी दिसतात, त्या कोठून आल्या? 'बेडूक' या प्रहसनातून! पाताळातल्या त्या भांडणात ईस्किलसची टर उडवण्यासाठी युरिपिडीस त्याच्या नेमक्या याच ओळी घोळवतो. मूळ पान नाहीसे झाले आणि थट्टेत घेतलेल्या ओळी उरल्या. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

या सर्व प्रवासात ॲरिस्टॉटलचा वाटा किती, हेही सांगितले पाहिजे, कारण आपण शोकांतिका ओळखतो ती त्याच्या चष्म्यातून. विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये त्याचे काव्यशास्त्र मराठीत आणले, आणि आमच्या पिढीने ते त्यांच्याच पुस्तकातून वाचले. ॲरिस्टॉटलने 'राजा ईडिपस'चा दाखला वारंवार दिला, आणि पंचांनी दुसरा ठरवलेला कवी तेथून पुढे आदर्श ठरला. नाटक पाहिल्याशिवाय, नुसत्या वाचनानेही त्याचा परिणाम होतो, असे म्हणून त्याने या नाटकांना रंगभूमी नसलेल्या काळातही जगण्याची वाट करून दिली. परंतु आपण त्यातले एकच सूत्र उचलले. तेराव्या प्रकरणात त्याने सुखाकडून दुःखाकडे जाणारे कथानक श्रेष्ठ म्हटले आहे, हे सर्वांना पाठ असते; लगेच पुढच्या प्रकरणात तो म्हणतो की घातक कृत्य घडण्यापूर्वीच ओळख पटून ते टळते, तो प्रकार सर्वांत उत्तम, आणि उदाहरण देतो ते भावाचा बळी जाता जाता वाचवणाऱ्या इफिजनियाचे. 'ओरेस्टिया'चा शेवट न्यायालयाच्या स्थापनेने आणि मिरवणुकीने होतो. सोफोक्लीसच्या 'फिलॉक्टीटीस'मध्ये टाकून दिलेला जखमी वीर बरा होण्याच्या वाटेला लागतो. 'शोकांतिका' हा आपला शब्द शेवटावर बोट ठेवतो आणि त्यामुळे ही नाटके आपल्या नजरेआड होतात. काही अभ्यासकांनी सुचवलेला 'शोकात्मिका' हा शब्द मला अधिक योग्य वाटतो, जरी या पत्रात रूढ शब्दच वापरला आहे.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने १५०२ मध्ये सोफोक्लीस छापला, पुढच्या वर्षी युरिपिडीस. ईस्किलसला १५१८ पर्यंत थांबावे लागले. १५८५ मध्ये इटलीतल्या व्हिचेन्झा गावी नवे नाट्यगृह उघडले ते 'राजा ईडिपस'च्या इटालियन भाषांतराने, आणि १८४१ मध्ये प्रशियाच्या राजाने पॉट्सडॅममध्ये मेंडेल्सोनच्या संगीतासह 'अँटिगनी' करवली. प्रत्येक पिढीने ही नाटके पुन्हा पदरात घेतली, पुन्हा खर्च केला, पुन्हा तालमी केल्या.

शब्दाबद्दलही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्रजीतला 'क्लासिक' हा शब्द रोमन करआकारणीतून आला. मालमत्तेनुसार पाडलेल्या वर्गांत जो सर्वांत वरचा, तो 'क्लासिकुस'. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियसने तोच शब्द भरवशाच्या लेखकाला लावला आणि त्याच्या उलट म्हणून निर्धन माणसाचा शब्द योजला. आपला 'अभिजात' म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. दोन्ही शब्दांत प्रतिष्ठा जन्मतः किंवा धनाने मिळालेली गृहीत धरली आहे, आणि म्हणूनच ती मिळवायला कोणाचे किती हात राबले हे दोन्ही शब्द सांगत नाहीत.

हे दूरच्या देशाचे झाले असे कोणाला वाटू नये. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत भासाचे नाव कीर्तिमान जुना कवी म्हणून घेतले आहे, आणि भासासारखे कवी असताना आजच्या कालिदासाचे नाटक कशाला, ही शंका तेथे सूत्रधाराला ऐकावी लागते. म्हणजे त्या काळी अभिजात होता भास, आणि कालिदास नवखा. तोच भास पुढे शतकानुशतके बहुतांश वाचकांसाठी नावापुरता उरला, आणि १९१२ पासून त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्रींनी केरळात सापडलेल्या ताडपत्रांवरून तेरा नाटके त्याची म्हणून छापली, तेव्हा 'ऊरुभंग' पुन्हा वाचायला मिळाले. आपल्याच गावात, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, १९२६ मध्ये नाट्यशास्त्राचा पहिला खंड अभिनवगुप्ताच्या टीकेसह निघाला. रसाविषयी आज आपण जे अधिकाराने बोलतो त्यातले बरेचसे त्या मुद्रणामुळे बोलतो. बडोद्याने एकदा अलेक्झांड्रियाचे काम केलेले आहे.

म्हणूनच पुढची गोष्ट लिहिताना दुःख होते. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेच्या इमारतीची दुरुस्ती निघाली आणि तेथल्या दोन कपाटांतल्या हस्तलिखित नाट्यसंहिता, नकला आणि जाहिरातींचे कागद वजनावर रद्दीत गेले. संस्थेचे नाव येथे घेत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही. त्या दिवशी मीही तेथे उशिराच पोहोचलो. त्यांतली बरीच नाटके बडोद्यातल्याच हौशी लेखकांनी लिहिलेली, गणेशोत्सवापुरती बसवलेली आणि कधीही न छापलेली होती. ती थोर होती असा माझा दावा नाही. ती थोर होती की नाही हे ठरवण्याची संधी गेली, एवढेच म्हणणे आहे, आणि 'मीडिया'ला तिसरा क्रमांक देणाऱ्या पंचांनी तरी ती संधी शिल्लक ठेवली होती.

माझी विनंती अशी की आपल्या दैनिकाने एक आवाहन छापावे. बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर येथील मराठी घरांत ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या, नकला असतील त्यांनी त्या टाकू नयेत. निदान मोबाईलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे, आणि पहिल्या पानावर नाटक कोणी, कोठे, कोणत्या वर्षी केले ते आठवत असलेल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. गणेशोत्सव मंडळांनी दरवर्षी एक तरी जुने स्थानिक नाटक, स्पर्धेबाहेर, पुन्हा उभे करावे. समासातली जांभळी वाक्ये वेगळी खूण करून जशीच्या तशी उतरवावीत, पुसू नयेत. ती नटांची आहेत आणि त्यांनाही टाळ्या पडल्या होत्या.

सुरुवात माझ्याकडून करतो. वडिलांच्या वहीत १९६२ च्या गणेशोत्सवात झालेले एक तीन अंकी सामाजिक नाटक आहे. त्यात दिनकर नावाचा वकील आणि त्याची विधवा बहीण कमळा ही मुख्य पात्रे आहेत, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी कमळा देवघरातली समई विझवून घराबाहेर पडते. वहीची पहिली सहा पाने फाटली असल्याने नाटकाचे नाव, लेखकाचे नाव आणि पहिला प्रवेश गेला आहे. हेच नाटक त्या सुमारास रावपुऱ्यातही झाले होते, असे वडील सांगत. त्या प्रयोगातली एखादी नक्कल कोणाकडे असल्यास, किंवा पहिल्या प्रवेशातल्या चार ओळी कोणाला नुसत्या थट्टेत म्हणून का होईना आठवत असल्यास, त्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
दांडिया बाजार, बडोदे